स्टोरेज सर्व्हर: पत्रा लावला की तीन नंबरची डिस्क बाहेर पडते

जवारी (मिरज)

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण आधी थोडं सांगते, म्हणजे मला एवढी काळजी का वाटते ते कळेल.

बाबांनी चाळीस वर्षांत जमवलेल्या सहाशेच्या वर कॅसेट घरात आहेत. दर्ग्याच्या उरुसातल्या संगीतसभा, घरच्या बैठका, आसपासच्या गावांतली कीर्तनं. बरंचसं ध्वनिमुद्रण त्यांनी स्वतः केलेलं आहे. २०१९ च्या पुरात सांगलीला मावशीच्या घरात पाणी शिरलं आणि तिच्याकडे ठेवलेल्या एकशेवीस कॅसेट गेल्या. तेव्हापासून उरलेल्या मी एकेक करून संगणकावर घेतेय. ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट असं घेतलं की तासाला दोन जीबीच्या वर जागा लागते, नव्वद मिनिटांच्या कॅसेटला तीन जीबी. काही फिती इतक्या चिकट झाल्यात की एकदाच वाजतात. दुसऱ्यांदा लावल्या तर प्लेअरच्या हेडवर तपकिरी थर सोडतात. त्यामुळे ती फाइल हेच आता मूळ ध्वनिमुद्रण.

म्हणून गेल्या महिन्यात स्टोरेज सर्व्हर जोडला. छोटं चौकोनी कॅबिनेट, मिनी-आयटीएक्स या लहान आकाराचा बोर्ड, चार टीबीच्या चार डिस्क, वर ट्रूनॅस ही स्टोरेजसाठीची कार्यप्रणाली, आणि चारही डिस्कचा मिळून रेड-झेड-टू, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, बारीक कामाची हाताला सवय आहे. केबली नीट एकत्र घेऊन टायने बांधल्या. आतून बघायला फार छान दिसत होतं.

पहिले दोन दिवस काही त्रास नाही. स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणं, तोही बिनचूक झाला. मग कॅबिनेटचा पत्रा लावून मशीन कपाटावर ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी पूल, म्हणजे चार डिस्कचा तो संच, डिग्रेडेड. तीन नंबरची डिस्क फॉल्टेड. दुकानदार म्हणाले डिस्क खराब असेल. दहा हजार घालून नवी आणली, पूल पुन्हा भरून घेतला, आणि आठवड्याने त्याच जागी तेच. स्मार्ट रिपोर्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्यात, १९९ नंबरच्या ओळीत, यूडीएमए सीआरसी एरर काउंटसमोर, १,३८० आकडा आहे. बाकी तिन्ही डिस्कवर शून्य. ५, १९७ आणि १९८ या ओळी चारही डिस्कवर शून्य.

पहिला प्रश्न: ही दुसरी डिस्कही खराब निघाली, की बोर्डचा पोर्ट गेलाय?

दुसरा प्रश्न: एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, एका पॉवर केबलवर तीनच डिस्क लागतात. चौथीसाठी दुसरी केबल फार ताणून लावावी लागली आहे. जुन्या पीसीच्या एसएमपीएसची एक लांब केबल ड्रॉवरमध्ये आहे, तीही मॉड्युलर, म्हणजे एसएमपीएसपासून सुटी होणारी, सहा पिनांची, सॉकेटमध्ये अगदी बरोबर बसते. ती वापरू का?

सहा_खण (ठाणे)

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला घाई आहे. ती ड्रॉवरमधली केबल लावू नका. लावून झाली असेल तर मशीन चालू करू नका.

मॉड्युलर केबलचं डिस्ककडचं टोक ठरलेलं असतं. पण एसएमपीएसकडचं टोक कुठल्याही नियमात बसवलेलं नाही. कुठल्या पिनवर बारा व्होल्ट आणि कुठल्या पिनवर पाच, हे ज्याचा तो ठरवतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक सापडतो. प्लग मात्र तोच असतो, म्हणून तो बसतो, खट्‌कन लॉकही होतो, आणि आपल्याला वाटतं जमलं.

हे माझ्या हातून झालंय. पाच व्होल्टच्या तारेवर बारा व्होल्ट गेले. बटण दाबल्याबरोबर चट्ट असा बारीक आवाज आला आणि खोलीत तो गोडसर जळका वास पसरला. दोन डिस्क गेल्या. डिस्कच्या हिरव्या बोर्डवर, पॉवर पिनांच्या जवळ, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा काळा डायोड असतो. जास्त व्होल्टेज आलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि पुढचं वाचवायला बघतो. एका डिस्कचा तो डायोड काढल्यावर ती एकदा चालू झाली आणि आतलं सगळं उतरवून घेता आलं. दुसरीचा पुढचा भागही गेला होता. तिच्यात मुलीच्या पहिल्या दोन वर्षांचे फोटो होते. बोर्ड बदलून बघावं म्हटलं तर तेही सरळ नसतं, बहुतेक डिस्कच्या बोर्डवर त्या डिस्कची स्वतःची माहिती असलेली चिप असते, ती काढून नव्या बोर्डवर लावावी लागते. म्हणून इतकं कळकळीने लिहितोय. ज्या खोक्यातून एसएमपीएस आला त्याच खोक्यातल्या केबली, किंवा त्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी म्हणून विकलेल्या. बाकी सगळ्या घरातून काढून टाका, म्हणजे पाच वर्षांनी चुकून हाताला लागणार नाहीत.

आता पहिला प्रश्न. तुमची डिस्क चांगली आहे. पहिलीसुद्धा बहुतेक चांगलीच होती.

१९९ ची ओळ मोजते ती डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेले संदेश. तबकडीवर खराबी असती तर ५, १९७, १९८ यांपैकी काहीतरी हललं असतं. डिस्क बदलली, जागा तीच राहिली, चूकही तिथेच राहिली, म्हणजे दोष त्या जागेचा. राहता राहिले केबल, प्लग आणि पोर्ट.

आणि तुम्ही एक गोष्ट सहज सांगून गेलात, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. पत्रा लावायच्या आधी स्क्रब बिनचूक झाला होता. लावल्यावर बिघडलं. तर असं करा. मशीन बंद करा, पत्रा काढा, तीन नंबरच्या डिस्कच्या मागे बघा. साटाचा, म्हणजे डेटाच्या केबलचा, सरळ प्लग डिस्कच्या बाहेर बराच येतो आणि मग केबलला वळायलाही जागा लागते. छोट्या कॅबिनेटमध्ये पत्रा त्या वळणावर दाब देतो. प्लग निघत नाही, तिरका होतो. आत सातच पट्ट्या असतात, चार सिग्नलच्या, तीन ग्राउंडच्या, आणि त्यांवरून सेकंदाला सहा अब्ज बिट जातात. तिथे केसभर तिरकेपणाही चालत नाही.

शिवाय टाय. कृपा करून कापून टाका. साटाची केबल आवळून बांधली की आतल्या जोडतारांमधलं अंतर दबतं, आणि चार केबली घट्ट शेजारी ठेवल्या की एकीचा आवाज दुसरीत जातो. सैल राहू द्या. दिसायला बरं नाही दिसलं तरी चालेल. फक्त पंख्याच्या पात्यात जाऊ देऊ नका.

खात्री करायची असेल तर दोन आणि तीन नंबरच्या केबली आपसांत बदला आणि आकडा कुणाचा वाढतो ते बघा. त्याआधी प्रत्येक डिस्कच्या बाहेरच्या कडेला मास्किंग टेप लावून सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहून ठेवा. पूल अडचणीत असताना चुकीची डिस्क ओढली तर फार वाईट होतं.

लाल_काळी_पिवळी (चिंचवड)

मी पॅनल वायरिंग करतो. आमच्याकडे केबल बांधलेली नसली तर इन्स्पेक्शनला काम परत येतं, त्यामुळे वरचं वाचून आधी पटलं नाही. पण पॉवरच्या तारा आणि हाय स्पीड सिग्नल यांत फरक आहे, हे खरं. पॉवरच्या केबली खुशाल बांधा, तिथे उलट ताण निघतो. डेटाच्या सोडा.

चौथ्या डिस्कच्या पॉवरबद्दल थोडं सांगतो, कारण आता दुकानात तुम्हाला कुणीतरी स्प्लिटर देईल. साटा पॉवर प्लगमध्ये बारा व्होल्टसाठी तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे साडेचार. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा दोन अँपिअरच्या आसपास ओढते. मग एका प्लगवरून दोन डिस्क घेतल्या तर जेमतेम जमतं, चार घेतल्या तर प्लग तापतो. आणि जुन्या चार पिनी मोलेक्सवरून साटा करणारे ते स्वस्त अ‍ॅडॉप्टर असतात, ज्यांत तारा प्लास्टिक ओतून पक्क्या केलेल्या असतात, ते घेऊच नका. ओतताना तार आत सरकली तर बाहेरून दिसत नाही, आणि ते पेटल्याची उदाहरणं आहेत. घ्यायचाच झाला तर मागून उघडून प्रत्येक पिन वेगळी दिसते, तसा क्रिंप केलेला, म्हणजे तारेवर पिन दाबून बसवलेला, घ्या. तुमच्याकडे ओरिजिनल दुसरी केबल आहे, तर मी डिस्कची जागा बदलेन पण अ‍ॅडॉप्टर लावणार नाही.

मशीन ज्या सॉकेटवर आहे त्याची अर्थिंग एकदा तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टीमीटरने दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायरमनला बोलवा. आणि यूपीएस घेतलाच पाहिजे, यूएसबीची तार सर्व्हरला जोडून, म्हणजे वळवात लाइट गेली की मशीन आपणहून नीट बंद होईल.

जवारी (मिरज)

दोघांचेही मनापासून आभार. ड्रॉवरमधली केबल लावली नव्हती. काल संध्याकाळी लावणार होते. दादा, तुमचं वाचल्यावर हात गार पडले. ती कापून भंगारात टाकली.

काल रात्री पत्रा काढला. आमच्या धाकट्याची खेळायची क्ले आहे, तिच्या चार छोट्या गोळ्या करून चारही प्लगच्या मागच्या बाजूला चिकटवल्या, पत्रा लावून स्क्रू आवळले आणि पुन्हा उघडला. एक, दोन आणि चार नंबरच्या गोळ्या जशाच्या तशा. तीन नंबरची चपटी होऊन पत्र्याला चिकटली होती, वर केबलच्या आवरणाच्या रेघाही उमटल्या होत्या. तिथेच टाय आवळलेला होता, त्यामुळे केबलला खाली जायला वावच नव्हता. पत्रा तिला आत ढकलत होता आणि टाय जागेवर धरून ठेवत होता.

आमच्या घराशेजारी तंबोरे करणारे आहेत. जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली असणारा, दोरा ते नखाने ढकलतात, आणि नखाच्या धारेइतका सरकला तरी स्वर झाकला जातो. ते लहानपणापासून बघत आलेय आणि तरी हा प्लग मी अंदाजाने बसवला, याचं फार वाईट वाटलं.

प्लग काढून टॉर्चखाली बघितला. एका बाजूच्या प्लास्टिकवर पांढरी चीर आहे. लॉकची पत्तीही या केबलला नाहीच. आता काटकोनात वळलेल्या प्लगची केबल आणायची म्हणते. ती घेताना काय बघू?

सहा_खण (ठाणे)

क्लेची युक्ती फार आवडली, मीही वापरणार.

काटकोनी प्लग दोन प्रकारचे असतात, एकात केबल एका बाजूला वळते, दुसऱ्यात बरोबर उलट. चुकीचा आणला तर केबल शेजारच्या पॉवर प्लगवर किंवा डिस्कच्या अंगावर येते. जाताना डिस्कचा मागच्या बाजूने फोटो काढून न्या, साटाच्या फटीतला तो एल आकाराचा वळसा कुठल्या बाजूला आहे ते दिसेल असा. काटकोन फक्त डिस्ककडे हवा, बोर्डकडचं टोक सरळच घ्या, नाहीतर शेजारचा पोर्ट झाकला जातो. दोन्ही टोकांना स्टीलची पत्ती असलेली घ्या. लांबी अर्धा मीटर पुरे. जास्तीत जास्त एक मीटर चालते, पण एवढ्याशा कॅबिनेटमध्ये गुंडाळी करून ठेवायला जागा कुठे आहे?

चारही बदला. तिघींवर आज शून्य आहे, तरी त्याही त्याच टायमध्ये आवळलेल्या होत्या.

पुणेकर_बहीण

मी जवारीची बहीण, खास हे लिहायला इथे नाव नोंदवलं. दुसरी प्रत माझ्याकडे पुण्यात एका डिस्कवर आहे, पण मार्चपर्यंतचीच. तुझा पूल धड झाला की आधी पुढचं पाठव, मग काय ते केबलींचे प्रयोग कर.

जवारी (मिरज)

आज नऊ दिवस झाले, म्हणून कळवते.

सांगलीत पहिल्यांदा उलट वळणाच्या मिळाल्या. फोटो नेला होता, पण मीच तो उलटा धरला. दुकानदारांनी काही न बोलता बदलून दिल्या. चारही केबली नव्या. प्रत्येक बसवताना पत्ती टक्‌ वाजेपर्यंत दाबली आणि नंतर हलकेच मागे ओढून बघितली. टाय एकही नाही. पॉवरसाठी चौथी डिस्क एक खण खाली घेतली, आता ओरिजिनल केबल सैल पोचते. पुन्हा क्लेच्या गोळ्या लावून पत्रा बसवला आणि काढला, चारही गोळ्या गोल. मग क्ले पुसून पत्रा कायमचा लावला.

पहिला स्क्रब तासाभरात झाला, एकही चूक नाही. काल दुसरा, तोही स्वच्छ. आधी लॉगमध्ये तीन नंबरची डिस्क दीड गिगाबिटवर उतरलेली दिसायची, आता चारही सहावर आहेत. पहिली डिस्क, जी खराब म्हणून बाजूला काढली होती, तिची लाँग टेस्ट रात्रभर चालवली. पास झाली. तिला पिशवीत घालून, वर तारीख लिहून स्पेअर म्हणून ठेवलीय. यूपीएस शनिवारी येतोय.

बहिणीला मार्चनंतरचं सगळं पाठवलं. त्यात बाबांनी स्वतः तंबोरा लावतानाची अकरा मिनिटं आहेत, गाणं सुरू व्हायच्या आधीची. ती कॅसेट आता वाजत नाही.

एकच शंका उरलीय. १९९ चा आकडा अजून १,३८० च दाखवतो. शून्य का होत नाही?

सहा_खण (ठाणे)

तो आकडा कधीच मागे येत नाही, डिस्क तो जन्मभर जपते. वाढत नाही ना, एवढंच बघायचं. टेपवर सिरीयल नंबरच्या खाली १,३८० आणि आजची तारीख लिहून ठेवा.