'युजेबिलिटी'ला मराठीत काय म्हणावं?

बोरू: मी टेक्निकल रायटर. आजवर सॉफ्टवेअर तयार झालं की मॅन्युअल लिहायचं, एवढाच संबंध. आता स्क्रीनवरचा मजकूरही माझ्याकडे आलाय, त्यामुळे डेव्हलपरांसोबत बसून त्यांचं काम आणि युजेबिलिटी (म्हणजे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला कितपत सोयीचं पडतं ते) दोन्ही शिकतेय. मराठी आवृत्तीच्या शब्दसूचीत काय घालू? वापरयोग्यता, उपयोज्यता की वापरसुलभता?

चौकस: वापरयोग्यता नको. गाळलेलं पाणीही वापरण्यायोग्य असतं. उपयोज्यता म्हटलं की उपयोजित गणित आठवतं. वापरसुलभता घ्या, शब्द ऐकताच कळतो.

कळफलक: कळतो, पण अर्धाच. आयएसओ ९२४१-११ हे युजेबिलिटीचं आंतरराष्ट्रीय मानक (१९९८, सुधारित २०१८) तीन गोष्टी बघतं: काम नीट पार पडलं का, त्यात वेळ-श्रम किती गेले, आणि वापरणारा समाधानी आहे का. तेही ठरावीक लोक, ठरावीक काम, ठरावीक परिस्थिती धरून. बँकेतल्या कॅशियरचा स्क्रीन नवख्याला चक्रावून टाकतो. दिवसभर नोंदी करणाऱ्याचे हात मात्र त्यावर माऊसला न शिवता चालतात. त्याला सुलभ म्हणाल? तरी वापरसुलभतेलाच माझं मत, दुसरा बरा शब्द नाही म्हणून. फक्त सूचीत व्याख्या जोडा.

चौकस: आणि 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ला सुलभता लिहू नका, घोळ होईल. २०१५ च्या सुगम्य भारत अभियानापासून दिव्यांगांच्या सोयींसाठी सुगम्यता हा शब्द बऱ्यापैकी रुळलाय.

बोरू: हे पटलं. आता खरी डोकेदुखी. 'ऑर्डर रद्द करायची आहे का?' असा प्रश्न, खाली दोन बटणं: 'ठीक आहे' आणि 'रद्द करा'. ऑर्डर रद्द करायची तर दाबायचं कोणतं?

कळफलक: 😄 हा दोष भाषांतराचा नाही, इंग्रजीतही हाच गोंधळ होतो. बटणावर पूर्ण क्रिया लिहा: 'ऑर्डर रद्द करा' आणि 'ऑर्डर राहू द्या'. डेव्हलपर कुरकुरतील, कारण 'कॅन्सल' ही एकच स्ट्रिंग (कोडमधला मजकुराचा तुकडा) सगळ्या स्क्रीनवर वापरलेली असते. या खिडकीसाठी वेगळी स्ट्रिंग मागून घ्या.

त्याहून चिवट प्रकार म्हणजे तुकडे जोडून केलेली वाक्यं. कोडमध्ये वस्तूचं नाव आणि पुढे 'डिलीटेड', झालं काम. मराठीत फाइल हटवली, फोटो हटवला, खातं हटवलं! तुमच्या हातात शेवटचा एकच तुकडा, त्यात लिंग कुठलं घालणार?

बोरू: आमच्याकडे अगदी हेच आहे. सध्या सरसकट 'हटवले' ठेवलंय. 'फाइल हटवले' वाचून आमचा टेस्टर रोज हसतो.

कळफलक: तात्पुरतं 'हटवण्यात यश' करा, लिंगाचा प्रश्नच मिटेल.

चौकस: अहो, ते सरकारी प्रेसनोटसारखं वाटतं! प्रत्येक प्रकाराला अख्खं वाक्य मागा. फाइल, फोटो, खातं, असे प्रकार असून असून किती असणार?