‘जाब’, ‘चौकशी’ की ‘विचारपूस’? बायबलमधील देवाच्या प्रश्नांसाठी योग्य क्रियापद

मूळ प्रश्न

आमच्या मंडळीच्या पत्रकासाठी बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायावर (मना केलेले फळ खाऊन आदाम देवापासून लपतो, तो प्रसंग) लिहिताना मी ‘देवाने आदामाला जाब विचारला’ असे वाक्य लिहिले होते. पाळकांनी त्यातला ‘जाब’ खोडला, नुसते ‘विचारले’ ठेवले आणि ‘यावर तूच विचार कर’ एवढेच म्हणाले. मला ‘विचारले’ सपाट वाटते, कारण सर्वज्ञ देव माहिती मिळवण्यासाठी विचारत नाही हे उघड आहे. मग नेमका शब्द कोणता घ्यावा?

उत्तर

आपल्या पाळकांनी शब्द फार जपून निवडला आहे, असे मला वाटते. ‘विचारणे’ हे क्रियापद ‘विचार’ या नामाला जोडलेले आहे. हिंदीत ‘विचारना’ आणि गुजरातीत ‘विचारवुं’ म्हणजे मनन करणे. मराठीत आणि कोंकणीत मात्र त्याच शब्दाचा अर्थ प्रश्न करणे असा झाला. जुन्या मराठीत प्रश्न करण्यासाठी ‘पुसणे’ सर्रास वापरत, आणि तो शब्द आज मुख्यतः ‘विचारपूस’ या जोडशब्दात टिकून आहे. म्हणजे आपण एखाद्याला काही ‘विचारतो’ तेव्हा भाषेच्या तळाशी ‘विचार करायला लावणे’ हा अर्थ अजून शिल्लक आहे, आणि उत्पत्तीतल्या प्रश्नाला तो चपखल बसतो.

उरलेल्या शब्दांचे वजन पाहू. ‘चौकशी’ करणाऱ्याला माहिती हवी असते, म्हणून तो शब्द येथे चालत नाही. ‘जाब’ हे अरबीतून आलेल्या ‘जबाब’चे आखूड रूप, ‘जाब विचारणे’ या प्रयोगात विचारणाऱ्याने दोष आधीच ठरवलेला असतो आणि समोरच्याने फक्त खुलासा द्यायचा असतो. ‘सवाल’ वादाचा किंवा हक्काचा, आणि ‘पृच्छा’ आज कार्यालयीन पत्रांपुरती उरली आहे.

आता मूळ हिब्रू पाहा. उत्पत्ती 3:9 मधला प्रश्न हा एकच शब्द आहे : ‘अय्येका’, म्हणजे ‘तू कोठे आहेस?’ बाराव्या शतकाच्या प्रारंभी, 1105 साली निधन पावलेले यहुदी भाष्यकार राशी या ठिकाणी लिहितात की आदाम कोठे आहे हे देवाला ठाऊक होते. तो घाबरून गप्प होऊ नये, त्याच्याशी बोलणे सुरू व्हावे, म्हणून देवाने असे विचारले. हे वाचल्यावर ‘जाब’ हा शब्द माझ्या हातून तरी लिहिला जाणार नाही. शिवाय स्वरचिन्हे काढली, तर हीच चार अक्षरे विलापगीत या पुस्तकाचा पहिला शब्द ‘एखा’ होतात, ज्याचा अर्थ ‘अरेरे, हे कसे झाले!’ असा शोकाचा आहे. हे साम्य प्राचीन यहुदी रब्बींनीच टिपले होते, आणि त्यामुळे देवाच्या हाकेत त्यांना शोकही ऐकू आला.

‘जाब’ नको म्हणण्याचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण मात्र त्याच अध्यायात पुढे आहे. देव पुरुषाला विचारतो, स्त्रीला विचारतो. सर्पाला मात्र काहीच विचारत नाही, त्याला थेट शाप देतो. प्रश्न ज्याला केला गेला, त्याला बोलण्याची, कबूल करण्याची, परत येण्याची वाट दिली गेली. आदाम ती वाट अर्धीच चालतो आणि ‘तू मला दिलेल्या स्त्रीने’ असे म्हणून बोट दुसरीकडे दाखवतो. पुढे भावाला ठार मारणारा काइन तर ‘तुझा भाऊ हाबेल कोठे आहे?’ या प्रश्नावर उलट प्रश्नच करतो. पण विचारणाऱ्याने दार उघडून ठेवले होते, आणि हे उघडे दार ‘जाब’ या शब्दात दिसत नाही.

‘विचारपूस’ हा शब्द मी हागारेसाठी राखून ठेवीन. रानात झऱ्याजवळ बसलेल्या त्या पळून आलेल्या गर्भवती दासीला परमेश्वराचा दूत नावाने हाक मारून विचारतो की तू कोठून आलीस आणि कोठे चाललीस. ती पहिल्या अर्ध्याचेच उत्तर देते : धनिणीपासून पळून आले आहे. दुसऱ्या अर्ध्याचे उत्तर तिच्याजवळ नाही, आणि प्रश्नामुळेच ते तिला कळते. याच प्रसंगात ती देवाला ‘मला पाहणारा देव’ असे नाव देते.

याकोबाच्या बाबतीत प्रश्न आणखी साधा आहे : ‘तुझे नाव काय?’ आंधळ्या बापाने ‘तू कोण आहेस?’ असे विचारले, तेव्हा त्याने थोरल्या भावाचे नाव घेऊन ‘मी एसाव’ असे सांगून आशीर्वाद घेतला होता. मामा लाबानाच्या घरी वीस वर्षे काढून परतताना, रात्रभर देवाशी झुंज दिल्यावर, तो पुन्हा आशीर्वाद मागतो आणि पुन्हा तोच विषय निघतो. या वेळी तो ‘याकोब’ म्हणतो. नाव सांगणे हीच येथे कबुली आहे, आणि तिच्यानंतरच त्याला इस्राएल हे नवे नाव मिळते.

शंका

आपले विवेचन पटले, पण नीतिमान असूनही दुःख भोगणाऱ्या ईयोबाचे काय? ‘मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास?’ हा जाब नव्हे, तर दुसरे काय आहे? अडतिसाव्या अध्यायापासून प्रश्नांची झोड उठली आहे.

उत्तर

शंका रास्त आहे. देवाच्या प्रश्नांपैकी जाबाच्या सर्वांत जवळ जाणारे प्रश्न हेच आहेत. तरीही दोन गोष्टी पाहाव्यात. जाब मागत होता तो मुळात ईयोब. एकतिसाव्या अध्यायात त्याने ‘सर्वसमर्थाने मला उत्तर द्यावे’ असे स्पष्ट म्हटले आहे. आणि वावटळीतून आलेल्या त्या प्रश्नांत ईयोबाच्या एकाही पापाचा उल्लेख नाही. रानबकऱ्या केव्हा वितात, शहामृगी आपली अंडी जमिनीवर कशी टाकते, माणूस नसलेल्या ओसाड प्रदेशावर पाऊस कोण पाडतो, असे विषय आहेत. आरोपीला असे प्रश्न कोणी करत नाही. शेवटी देव त्याला ‘माझा सेवक’ म्हणतो आणि तोच योग्य बोलला, असा निर्वाळा मित्रांपुढे देतो. म्हणून येथे मी ‘प्रश्न केले’ असे लिहीन. धाकही राहतो आणि दोषारोपही टळतो.

पुरवणी

प्रश्नार्थक अव्ययांबद्दलही थोडे लिहितो, कारण प्रश्नाचा सूर तेथेच बदलतो. बायबलच्या मराठीत वाक्याच्या शेवटी ‘काय’ येते (‘तुला बरे व्हावेसे वाटते काय?’), तर बोलण्यात आपण ‘का’ म्हणतो. ‘काय’ने गांभीर्य येते, पण प्रत्येक वेळी ते पुरत नाही. योहान 6:67 मध्ये अनेक शिष्य सोडून गेल्यावर येशू बाराजणांना विचारतो, आणि तेथे ग्रीकमध्ये ‘मे’ हा निपात (वाक्याचा सूर ठरवणारा छोटा शब्द) आहे, जो ‘नाही’ या उत्तराची अपेक्षा दाखवतो. मराठीत याला नेमका शब्द आहे : ‘तुम्हीही निघून जाणार नाही ना?’ त्या ‘ना’मध्ये जो जिव्हाळा आणि जी काळजी आहे, ती ‘काय’मध्ये नाही. हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यासाठी पंडिता रमाबाईंनी 1922 मध्ये निधन होईपर्यंत केडगावात श्रम घेतले. त्यांना साध्या स्त्रियांना समजेल अशी भाषा हवी होती, आणि ‘ना’सारखे शब्द त्याच बोलीत असतात.

योनाच्या पुस्तकाची अखेर याहून अवघड आहे. वेल वाळली म्हणून रुसलेल्या योनाला देव विचारतो की उजवाडावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे ज्या निनवे नगरीत आहेत, तिच्याविषयी मला कळवळा येऊ नये काय? हिब्रूत या वाक्याला प्रश्नार्थक निपातच नाही. केवळ संदर्भावरून आणि सुरावरून तो प्रश्न ठरतो. म्हणून मी ‘काय’ वगळून ‘आणि मी कळवळू नको?’ असा बोलीतला प्रयोग सुचवतो. योनाचे उत्तर पुस्तकात नोंदलेले नाही, आणि हिब्रूतले शेवटचे शब्द ‘आणि पुष्कळ गुरेढोरे’ हे आहेत. मराठीतही ते शेवटीच ठेवता आले, तर पाहावे.