मदत हवी आहे: लहान आतडं कशाचं करावं?

चौथीच्या मुलांना पचनसंस्था करून दाखवायची आहे. पोळी-केळं कुस्करून तोंड, झिपच्या पिशवीत लिंबूरस घालून चोळलं की जठर, इथवर जमतं. (नुसती पोळी मिनिटभर चावली की गोड लागते, लाळेनं पिष्टाची साखर होते. हे मुलांना फार आवडतं.)

घोडं अडतं लहान आतड्यात. नायलॉनच्या मोज्यातून रस पिळला की मुलं म्हणतात, "म्हणजे गाळणं!" खरं तर पित्त आणि स्वादुपिंडाचा रस तिथेच मिसळतो, बहुतेक पचन तिथेच उरकतं. शिवाय मोठ्या माणसाचं आतडं सुमारे 6 मीटर, मोजा जेमतेम हातभर.

आतल्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांसाठी टर्किश टॉवेलचं कापड उलटं शिवावं का? तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत नळीसारखं सलग, पाणी झिरपणारं कापड मीटरवर कुठे मिळेल?