जैवरेणू की जैवअणू? आणि कर्बोदके, प्रथिने, मेद यांचे नेमके अर्थ

प्रश्न

नववी-दहावीच्या मुलांसाठी पेशीच्या रसायनाची ओळख करून देणारी एक पुस्तिका मी मराठीत आणते आहे. ‘बायोमॉलिक्यूल’साठी पहिल्या खर्ड्यात ‘जैवअणू’ लिहिलं होतं. तपासणाऱ्या सरांनी तो शब्द दिसेल तिथे लाल शाईने गोल केला आणि समासात फक्त ‘रेणू’ एवढंच लिहून पाठवलं. मी दुरुस्ती केली, पण मनातून प्रश्न जात नाही. हिंदी पुस्तकांत ‘जैव अणु’ सर्रास आहे, मग मराठीत तो चुकीचा का? ‘सेंद्रिय रेणू’ म्हणावं तर मुलांना आधी सेंद्रिय शेती आठवते. शिवाय चार गटांची नावं मी कर्बोदके, प्रथिने, मेद आणि केंद्रकाम्ले (डीएनए, आरएनए) अशी घेतली आहेत. ती तरी बिनचूक आहेत का?

प्रतिसाद

ताई, सरांनी गोल केले ते योग्यच केलं. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि मॉलिक्यूलला अणु. म्हणजे तोच ‘अणु’ हिंदीत एक पायरी वर चढून बसला आहे. आपण अणुबॉम्ब, अणुभट्टी म्हणतो, हिंदीत परमाणु बम, परमाणु भट्टी म्हणतात, यातच सगळं आलं. त्यामुळे हिंदीतला ‘जैव अणु’ तिथे अगदी बरोबर आहे. तो जसाच्या तसा मराठीत उचलला की मात्र त्याचा अर्थ ‘सजीवांतला ॲटम’ असा होतो, आणि तशी वस्तूच नाही. आपल्या शरीरातला कार्बनचा अणू आणि कोळशातला कार्बनचा अणू यांत काडीचाही फरक नसतो. सजीवपणाची खूण अणूंत नाही, ते एकमेकांना कसे जोडले गेले त्यात आहे. म्हणून ‘जैव’ हे विशेषण शोभतं ते रेणूलाच.

मला मराठीची ही निवड फार आवडते, त्याचं कारण सांगतो. रेणू म्हणजे मुळात धुळीचा कण. वैशेषिक दर्शनात दोन परमाणूंचं एक द्व्यणुक आणि अशा तीन द्व्यणुकांचा एक त्रसरेणू मानला आहे. झरोक्यातून उन्हाची तिरीप आत येते, तिच्यात जे कण तरंगताना दिसतात, तो त्रसरेणू. डोळ्यांना दिसणारी सगळ्यात लहान वस्तू, आणि तीही अनेक परमाणूंची मिळून झालेली. आजच्या रसायनशास्त्रातला रेणू अर्थातच उघड्या डोळ्यांना दिसत नाही, ती तुलना ताणू नये. पण ‘रेणू म्हणजे अणूंच्या जोडणीतून झालेला कण’ हे नातं जुन्या शब्दातही होतं आणि आजही तेच आहे.

मुलांना आकडा दिला की हे पटकन पटतं. पाण्याच्या रेणूत अणू ३. ग्लुकोजच्या रेणूत २४. माणसाचं इन्शुलिन हे प्रथिनांमधलं अगदी लहान प्रथिन, तरी त्याच्या एका रेणूत ५१ अमिनो आम्लं आणि एकंदर ७८८ अणू असतात. एवढ्या थोरल्या रेणूला ‘जैवअणू’ म्हणणं म्हणजे अख्ख्या वाड्याला वीट म्हणण्यासारखं आहे. अशा मोठ्या रेणूंसाठी ‘महारेणू’ हा शब्द चांगला रुळला आहे, तो जरूर वापरा.

दुसरा प्रतिसाद

‘सेंद्रिय’बद्दल मी लिहिते. मी वर्गात रसायनशास्त्र शिकवते आणि या शब्दावर दरवर्षी अडखळायला होतं.

शब्द घडला आहे तो मोठ्या नेटकेपणाने. स + इंद्रिय, म्हणजे इंद्रियांसह असलेलं. ‘ऑरगॅनिक’मधला ‘ऑरगन’ म्हणजेही अवयव, इंद्रियच. आणि हा शब्द ‘ऑरगॅनिक’साठी मुद्दाम पाडलेला नाही, तो कितीतरी जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, ‘सेन्द्रियं चेतनं द्रव्यं निरिन्द्रियमचेतनम्’ असं आलं आहे. इंद्रियं असलेलं ते चेतन, नसलेलं ते अचेतन.

अडचण अशी की रसायनशास्त्राने पुढे स्वतःची व्याख्याच बदलली. सजीवांतले पदार्थ घडायला काही खास जीवनशक्ती लागते, असं पूर्वी मानत. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलरने अमोनियम सायनेटपासून युरिया तयार केला. मूत्रात सापडणारा पदार्थ प्रयोगशाळेतल्या भांड्यात, मूत्रपिंडाशिवाय तयार झाला. जीवनशक्तीची कल्पना त्या एका प्रयोगाने लगेच संपली नाही, पण तिला तडा गेला. हळूहळू ‘ऑरगॅनिक’चा अर्थ ‘कार्बनची संयुगं’ असा झाला. आता या अर्थाने पेट्रोल सेंद्रिय आहे, प्लॅस्टिकही सेंद्रिय आहे. ज्या विद्यार्थ्याने ‘सेंद्रिय’ हा शब्द फक्त खताच्या पिशवीवर वाचला आहे, त्याला हे वाक्य खोटंच वाटतं.

म्हणून वर्गात मी रसायनाच्या अर्थाने ‘कार्बनी’ म्हणते. कार्बनी संयुग, कार्बनी रसायनशास्त्र. शब्द थोडा कोरडा आहे, पण जे सांगायचं तेवढंच सांगतो. तुमच्या पुस्तिकेत एक वाक्य असं बसेल : ‘सजीवांच्या शरीरातल्या कार्बनी रेणूंना जैवरेणू म्हणतात.’ सगळे जैवरेणू कार्बनी, पण सगळे कार्बनी रेणू जैवरेणू नव्हेत, हेही मुलांना त्यातून कळतं. ‘सेंद्रिय’ एकदा सुरुवातीला सांगून टाका, कारण पाठ्यपुस्तकांत तो त्यांना भेटणारच आहे.

प्रश्नकर्ती

हे फार कामाचं झालं, आभार. आता चार गटांबद्दल सांगा ना. ‘कर्बोदके’ की ‘पिष्टमय पदार्थ’? आणि ‘मेद’ या शब्दावर सरांनी प्रश्नचिन्ह केलं आहे, ते का?

प्रतिसाद

कर्बोदकच घ्या. कर्ब म्हणजे कार्बन, उदक म्हणजे पाणी. ‘कार्बोहायड्रेट’ची घडण या शब्दात पूर्ण उतरली आहे. ग्लुकोजमध्ये कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात, म्हणजे हिशेबाने सहा कर्ब आणि सहा उदक. पण मुलांना हेही सांगा की हा हिशेब फक्त कागदावरचा आहे. कर्बोदकात पाणी पाणी म्हणून भरलेलं नसतं, अणूंचं प्रमाण तेवढं जुळतं. तेही नेहमी जुळत नाही. डीएनएमधल्या डीऑक्सिरायबोज शर्करेत कार्बन ५, हायड्रोजन १० आणि ऑक्सिजन ४, इथे एक ऑक्सिजन कमी पडतो, तरी ती शर्कराच. उलट ॲसेटिक आम्लात कार्बन २, हायड्रोजन ४, ऑक्सिजन २, हिशेब चोख बसतो, पण ते कर्बोदक नाही. नाव जन्माची हकिगत सांगतं, व्याख्या नाही.

‘पिष्टमय’ इथे तोकडा पडतो. पिष्ट म्हणजे दळलेलं, त्यातूनच आपलं ‘पीठ’ आलं. तो शब्द स्टार्चपुरता ठीक. ग्लुकोज पिष्ट नाही आणि सेल्युलोजही नाही. गंमत पाहा, स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही निव्वळ ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत. शेजारच्या दोन ग्लुकोजमधला बंध कोणत्या बाजूने जुळला एवढाच फरक, पण एकाचं पचन आपल्या शरीरात होतं आणि दुसऱ्याचं होत नाही, कारण तो दुसरा बंध तोडणारं विकर (एन्झाइम) आपल्याकडे नाही.

तसंच साखर आणि शर्करा यांत गल्लत नको. साखर म्हणजे सुक्रोज, एक विशिष्ट पदार्थ. शर्करा हे कुळाचं नाव : एकशर्करा, द्विशर्करा, बहुशर्करा. बोलताना ‘रक्तातली साखर’ म्हणतात, त्याला हरकत नाही, पण लिहिताना ‘रक्तशर्करा’ बरं, कारण तिथे मोजतात ते ग्लुकोज.

‘प्रथिन’बद्दल वाद नाही. १८३८ मध्ये बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाने मुल्डर या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाला ‘प्रोटीन’ हे नाव सुचवलं, ते पहिल्या दर्जाचं अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. ‘प्रथिन’ कानाला प्रोटीनजवळचा आणि त्यात ‘प्रथम’ही ऐकू येतो. ध्वनी आणि अर्थ दोन्ही सांभाळणारे असे प्रतिशब्द थोडेच. ‘जनुक’ हा तसाच दुसरा.

आता मेद. सरांचं प्रश्नचिन्ह मला तरी रास्त वाटतं. मेद म्हणजे फॅट, चरबी. आयुर्वेदातल्या सप्तधातूंपैकी एक म्हणून हा शब्द आपल्याला फार पूर्वीपासून माहीत आहे आणि त्याच्यासोबत ‘अंगावर साचणारा’ ही छटा येतेच. रसायनात मेदाचा रेणू म्हणजे एका ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं (फॅटी ॲसिडं). पण या गटाचं नाव लिपिड आहे आणि लिपिडांत मेद हा फक्त एक प्रकार. पेशीच्या पटलात जे फॉस्फोलिपिड असतं त्यात मेदाम्लं दोनच, तिसऱ्या जागी फॉस्फेटचा गट. म्हणून त्याचं डोकं पाण्याकडे आणि शेपट्या पाण्यापासून दूर, आणि असे दोन थर समोरासमोर येऊन पटल तयार होतं. कोलेस्टेरॉलच्या रेणूत तर एकही मेदाम्ल नाही, चार कड्यांचा सांगाडा आहे. यांना ‘मेद’ म्हटलं तर ‘पेशीपटल मेदाचं बनलेलं असतं’ असं वाक्य तयार होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, पेशीभोवती चरबी साचली आहे.

‘स्निग्ध पदार्थ’ हा त्यातल्या त्यात जवळचा, कारण लिपिडांना एकत्र आणते ती त्यांची रचना नव्हे, पाण्यात न विरघळण्याचा गुण. पण आहाराच्या संदर्भात तो शब्द इतका वापरला जातो की पुन्हा तेल-तुपाकडेच मन जातं. मी गटासाठी ‘लिपिड’ ठेवीन आणि ‘मेद’ त्यातल्या एका प्रकारासाठी राखून ठेवीन. मराठी शब्द आहे म्हणून त्याच्यावर पेलणार नाही एवढा अर्थ लादू नये.

दुसरा प्रतिसाद

यात एक जोडते. बाकीच्या तीन गटांत छोटे घटक जोडून लांब साखळी होते, म्हणजे बहुवारिक तयार होतं. अमिनो आम्लांचं प्रथिन, शर्करांचं पिष्ट, न्यूक्लिओटाइडांचं केंद्रकाम्ल. प्रत्येक जोडणीत पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो तो प्रथिनांत आणि बहुशर्करांत सहज दाखवता येतो. लिपिड मात्र बहुवारिक नाही. त्यामुळे ‘चारही जैवरेणू बहुवारिक असतात’ असं वाक्य पुस्तिकेत असेल तर काढा.

‘केंद्रकाम्ल’ ठेवायला माझी हरकत नाही, फक्त तळटीप हवी. १८६९ मध्ये फ्रीडरिश मीशरला हा पदार्थ जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातल्या पेशींच्या केंद्रकांत सापडला, म्हणून नावात केंद्रक आलं. पण जिवाणूंना केंद्रक नसतं, तरी केंद्रकाम्ल असतं. आमचे विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात.

प्रश्नकर्ती

‘लिपिड’ केलं आणि बहुवारिकाचं वाक्यही काढलं, ते खरंच होतं. आणखी दोन शंका. एन्झाइमला मी ‘पाचक रस’ लिहिलं आहे. आणि ‘प्रथिने’ की ‘प्रथिनं’?

प्रतिसाद

पाचक रस नको, विकर लिहा. रस हे मिश्रण, त्यात पाणी, क्षार असं बरंच असतं आणि विकर हा त्यातला नेमका रेणू. शिवाय बहुतेक विकरं पचनाशी संबंधित नसतातच, ती प्रत्येक पेशीत आत काम करत असतात. जवळजवळ सगळी विकरं प्रथिनं आहेत, पण ‘सगळी’ लिहू नका. आरएनएचे काही रेणूही विकराचं काम करतात, हे १९८० च्या दशकात कळलं.

प्रथिने आणि प्रथिनं दोन्ही बरोबर. पुस्तिकेची भाषा बोलीकडे झुकणारी असेल तर प्रथिनं, कर्बोदकं, विकरं, नाहीतर सगळीकडे एकारान्त. एकाच पानावर दोन्ही नकोत.

प्रश्नकर्ती

पहिल्या प्रकरणाचं शीर्षक असं केलं आहे : ‘ओळख जैवरेणुंची’.

प्रतिसाद

छान आहे. फक्त ‘जैवरेणूंची’, णू दीर्घ. समासात रेणू आधी आला तर ऱ्हस्व, जसं रेणुसूत्र, रेणुभार. इथे तो शेवटी आहे.