अनुभव धागा : नाजूक रेघांचा टॅटू आपल्याला झेपेल का?

वय ३१, अंगावर अजून एकही टॅटू नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला प्राजक्ताची डहाळी हवी आहे, टोकदार पेन्सिलीने काढल्यासारखी. फोटोत भलतीच देखणी दिसते, पण ते सगळे फोटो टॅटू काढला त्याच दिवशीचे! ज्यांच्या अशा टॅटूला चार-पाच वर्षं झालीत त्यांनी लिहा. 'कशाला हवाय टॅटू?' हा प्रश्न घरी विचारून झाला आहे.

उंबरठा
आजीचं नाव, 'कृष्णाबाई', तिच्याच अक्षरात, जेमतेम दोन सेंटीमीटरमध्ये कोरून घेतलं. टॅटूवाला म्हणत होता मोठं करा, मी हट्टाला पेटले. आज सहा वर्षांनी 'ष्ण'चा निव्वळ ठिपका झालाय. शाई कातडीत हळूहळू पसरतेच. रोमन अक्षरं तरी सुटी असतात. आपल्याकडे डोक्यावर शिरोरेघ, खाली ऋकार, मध्ये जोडाक्षराची गर्दी. दोन रेघांत जागा नसली की त्या एक होतात. देवनागरी हवी असेल तर मोठीच काढा, नाहीतर एकच अक्षर काढा.

सुई-दोरा
मी हेच काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो. सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर आत जायला हवी. वर राहिली तर खपलीबरोबर शाईही निघते, खोल गेली तर रेघेभोवती निळसर धूर पसरतो. जाड रेघेत थोडी चूक लपते, बारीक रेघेत अजिबात नाही. म्हणून कलाकाराकडे ताजे फोटो मागू नका, दोन-तीन वर्षं जुने मागा. त्याने टाळाटाळ केली तर उठून या. आणि हे इन्स्टाग्रामचं फॅड नव्हे. तुरुंगातल्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन, कैद्यांची ही एका सुईची पद्धत पूर्व लॉस एंजेलिसमधल्या 'गुड टाइम चार्लीज टॅटूलँड'ने १९७५पासून दुकानात आणली.

भांडीवाली अंगठी
बोटावर बारीक अंगठी काढली होती. वर्षात अर्धी गेली. भांडी मीच घासते. बस.

सावळा गोंधळ
एका ठिकाणी तोंडावर सांगितलं, 'तुमच्या रंगावर नाही शोभणार.' राग आला, तशीच निघाले. दुसरीकडच्या ताईंनी नीट समजावलं : शाई कातडीच्या वरच्या थराखाली बसते आणि आपला रंग त्या थरात असतो, म्हणजे आपण शाई रंगीत काचेतूनच बघतो. फिकट राखाडी छटा हरवतात, काळी रेघ टिकते. छटा वगळून नुसत्या काळ्या रेघांचा मोर काढला. चार वर्षं झाली, झकास आहे. सनस्क्रीन मात्र चुकवत नाही.

वेताळटेकडी
कान टोचल्यावर माझ्या पाळीला गाठ आली होती. त्वचेच्या डॉक्टरांनी टॅटूचा नाद सोडा म्हटलं, सोडला. ज्यांना केलॉइड, म्हणजे जखमेचा व्रण असा गाठीसारखा वाढण्याचा त्रास, होतो त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

गोंदण
आमच्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन होतं, हनुवटीवर तीन ठिपके. ऐंशीव्या वर्षी रेघा हिरवट आणि फुगलेल्या, पण वृंदावन लांबून ओळखू यायचं. गोंदणारणीने ठिपक्या-ठिपक्यांत जागाच इतकी सोडली होती! मी तेच वृंदावन काढून घेतलं, त्याच अंतराने. मैत्रिणी म्हणतात नाजूक नाही दिसत. नसू दे. हो, एक राहिलं : नंतर रक्त द्यायला गेले तर रक्तपेढीतल्या बाईंनी वर्षभर थांबायला सांगितलं. नियमित देणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. दोन इंचांची डहाळी आता चार इंचांची झाली, फुलं पाचाची दोन, आणि मनगटावरून वर सरकली कोपराकडे. तूर्तास रोज सकाळी बॉलपेनने काढून बघतेय, कंटाळा येतो का ते. आज सतरावा दिवस. काल ऑफिसात एकाने विचारलं, 'पेन फुटलं का गं?'