मदत हवी आहे: लॉगरच्या नोंदींवरून कागदाच्या आयुष्याचा अंदाज

दप्तरी: संग्रहाच्या खोलीतल्या डेटालॉगरच्या (तापमान-आर्द्रता नोंदवणाऱ्या यंत्राच्या) वर्षभराच्या दर तासाच्या नोंदी हाताशी आहेत. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, तापमान अर्धं वर्ष २० आणि अर्धं वर्ष ३० अंश. सरासरी २५ धरून संवर्धनशास्त्रज्ञ मिशाल्स्कींचा आयुष्य-गुणक (२० अंश, ५० टक्क्यांच्या तुलनेत वस्तू किती पट टिकेल) काढला तर ०.५० येतो. कागदाचं आयुष्य निम्मं झालं, असं अहवालात लिहू का? एसीटेट (प्लास्टिक फिल्मच्या) निगेटिव्हनाही हाच आकडा चालेल?

जुनापाना: सरासरी तापमानाची काढू नका, वेगाची काढा. ऱ्हासाचा वेग तापमानाबरोबर घातांकी वाढतो, त्यामुळे थंड महिन्यांत जे वाचतं त्याहून जास्त गरम महिने खातात.

एक्सेलमध्ये प्रत्येक तासासाठी: आर्द्रता ÷ ५०, त्याचा १.३ वा घात. मग १/२९३.१५ मधून १/तापमान (केल्विन) वजा करून १,००,००० ÷ ८.३१४ ने गुणा आणि त्यावर एक्स्प फंक्शन लावा. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या तासाचा वेग. सगळ्या वेगांची सरासरी काढून शेवटी एकदाच उलटा करा (१ ÷ सरासरी), तोच गुणक. तुमच्याकडे २० अंशांना वेग १, ३० ला ३.८७, सरासरी २.४४, गुणक ०.४१.

रिकाम्या ओळी आधी तपासा. बॅटरी संपल्यावर काही लॉगर तिथे शून्य भरतात आणि खोली आहे त्यापेक्षा छान दिसते. ती बॅटरी ऐन उन्हाळ्यात संपली असेल तर नुसत्या ओळी गाळूनही भागत नाही, सगळ्यात वाईट महिनाच हिशोबातून जातो.

सेल्युलोज: आणि ०.४१ म्हणजे वर्षं नव्हेत. २० अंश, ५० टक्क्यांच्या तुलनेतलं ते गुणोत्तर आहे; अहवालात हे स्पष्ट लिहा, नाहीतर वाचणारा त्याची वर्षं करून मोकळा होतो. तुरटी-राळेचा आम्लयुक्त लगदा-कागद आणि चिंध्यांचा कागद, दोघांनाही गुणक तोच मिळेल, पण एक दुसऱ्याच्या कितीतरी आधी ठिसूळ होईल. वर्षं हवीत तर कागदाचा पीएच आणि सेल्युलोज साखळीची सरासरी लांबी (डीपी) लागते. डीपी ३०० च्या खाली गेला की पानं हाताळताना तुटू लागतात. मात्र डीपीच्या चाचणीत नमुना विरघळवावा लागतो, म्हणून निदान पीएचनुसार गट तरी पाडा. बुरशीचा धोका या सूत्रात येतच नाही, तो वेगळा बघा.

दप्तरी: सूत्रात कुठे १,००,००० तर कुठे ७०,००० दिसतं, ते?

जुनापाना: ती सक्रियण ऊर्जा, जूल प्रति मोल. कागदाला १,००,०००, व्हार्निश पिवळं पडण्याला ७०,०००. दुसरी घेतली तर ३० अंशांचा वेग ३.८७ ऐवजी २.५८ येतो.

सेल्युलोज: निगेटिव्हना हा गुणक लावू नका. फिल्ममधून सुटलेलं असेटिक आम्ल पुढचा ऱ्हास आणखी वाढवतं, त्यामुळे सुरुवातीचा वेग पुढे टिकत नाही. बंद डब्यात निगेटिव्हसोबत ए-डी पट्टी (आम्ल ओळखणारी रंग बदलणारी कागदी पट्टी) खोलीच्या तापमानाला किमान २४ तास ठेवा. रंग निळ्याकडून पिवळ्याकडे सरकतो. पट्टीच्या ० ते ३ या रंगमापावर १.५ पातळीला वेग चढायला लागतो, २ दिसली तर आधी गोठवा आणि प्रती काढण्याच्या यादीत वर घ्या. पट्टीवरचा रंग डबा उघडल्याबरोबर वाचा.