टॉवरमुळे बाबांना पार्किन्सन्स झाला असेल का?

डिचोलीकर
नमस्कार मंडळी. बाबांचं वय ६८. गेल्या चवथीला माटोळी (गणपतीवर टांगतात तो फळाफुलांचा मांडव) बांधताना त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, सुपारीचा घोस काही केल्या बांधता येईना. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. सिंडोपाची गोळी चालू आहे, बराच उतार आहे. घरापासून हाकेच्या अंतरावर मोबाइल टॉवर आहे. ग्रामसभेत त्यावरून रण माजलंय. एक पंच म्हणतो रेडिएशननं मेंदू सडतो. आत्या म्हणते, टॉवर कसला, कैगाच्या अणुप्रकल्पाची हवा येते. आई तर बाबांना घेऊन पेडण्याला मामाकडे राहायला निघालीय. रेडिएशन आणि हा आजार यांचा खरंच संबंध आहे की नुसत्या वावड्या?

रानमाणूस
टॉवर हटवा आधी. आमच्या वाड्यावरच्या चिमण्या गेल्या, आता माणसांची पाळी.

निवृत्त एक्स-रेवाला
चिमण्यांचं राहू दे रे बाबा. मी नोकरीभर छातीवर टीएलडी बॅज (अंगावर पडलेलं रेडिएशन नोंदवणारा बिल्ला) लावून एक्स-रे काढले; दर तीन महिन्यांनी तो मोजणीला जायचा. आमची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगाला मिळालेल्या रेडिएशनचं माप). माती, दगड, आकाश यांतून माणसाला जगाच्या सरासरीनं वर्षाला २.४ च्या आसपास मिळतंच. टॉवरच्या लहरी त्या जातीच्याच नव्हेत. अणूतला इलेक्ट्रॉन उडवायची ताकद त्यांच्यात नाही. फार तीव्र असल्या तर अंग तापवतील. म्हणून पंच आणि आत्या यांना एका पिशवीत घालू नका.

आत्याच्या बाजूनं थोडं बोलता येतं. रशियातल्या मायाक अणुप्रकल्पात १९४८ ते १९८२ या काळात लागलेल्या बावीस हजारांवर कामगारांचा अभ्यास २०२० मध्ये आला. गॅमा किरणांची मात्रा जितकी जास्त, तितकं पार्किन्सन्सचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. पण सुरुवातीच्या वर्षांत त्या लोकांनी जे अंगावर घेतलं, तेवढं माझ्या बॅजवर दिसतं तर आमच्या खोलीला टाळं लागलं असतं. कैगा कारवारहून आत, काळी नदीच्या काठी. अणुभट्ट्या २००० पासून चालू. प्रकल्पामुळे शेजाऱ्याला मिळणारी मात्रा वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवायचा नियम आहे, आणि डिचोली तर गोव्याच्या दुसऱ्या टोकाला.

मला वेगळंच विचारायचंय. बाबांनी आयुष्यभर काम काय केलं?

डिचोलीकर
तरुणपणी सांग्यात, रिवणच्या बाजूला मँगनीजच्या खाणीवर. नमुन्याचे दगड फोडायचे. मग इथे काजूची बाग. तणनाशक स्वतःच मारायचे, तोंडाला फक्त पंचा.

निवृत्त एक्स-रेवाला
आणि तुम्ही टॉवरवर भांडताय! हे डॉक्टरांना सांगितलंत का? मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं नाकातोंडात गेली की पार्किन्सन्ससारखाच आजार होतो. वैद्यकात त्याची नोंद १८३७ पासून आहे. त्यात चाल बिघडते, माणूस मागे कलंडतो आणि सिंडोपातल्या लेव्होडोपाला सहसा दाद देत नाही. बाबांना गोळी लागू पडतेय, थरथर एकाच हाताला आहे, म्हणजे हे ते नसावं. पण ते ठरवणारा मी कोण? डॉक्टरांना खाणीची सगळी वर्षं सांगा. तणनाशकात पॅराक्वाट होतं का तेही बघा. त्याचा आणि या आजाराचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसलाय. जुना डबा सापडला तर लेबलाचा फोटो काढा.

फोंड्याची सिस्टर
भाऊ, गोळी जेवणासोबत देता का? माशांच्या हुमणातल्या, डाळीतल्या प्रथिनांमुळे ती नीट शोषली जात नाही. जेवणाआधी अर्धा तास द्यायची का, डॉक्टरांना विचारून घ्या. आमच्याकडचे निम्मे पेशंट ‘गोळी चालत नाही’ म्हणून येतात, ते असे. टॉवरचं म्हणाल तर भारतानं २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लावली. शंका असेल तर सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर ४००० रुपये भरून मोजणी मागता येते.

डिचोलीकर
गोळी दुपारच्या जेवणावरच देत होतो, हुमण-भातासोबत. सोमवारी डॉक्टरांची तारीख आहे, तेव्हा हे आणि खाणीचं दोन्ही विचारतो. डबे बागेतल्या खोपीत असतील, उद्या बघतो. ४००० रुपये पंचाकडूनच काढतो.